मोताळ्याची खाडी

समुद्रापासून इतक्या दूर राहून ज्याचं नाव खाडीवरून पडलं, असा माणूस साऱ्या महाराष्ट्रात मी एकटाच असेन. वडिलांनी मला चांगलं देवाचं नाव ठेवलं होतं. डोक्यावर मिरच्यांची पाटी घेऊन मी मोताळ्याच्या बाजारात बसायला लागलो. पाटीचं दुकान केलं, दुकानावर मळा घेतला, मळ्यात विहीर खणली, विहिरीशेजारी मुळे-गाजरं धुवायला घडीव दगडांचा हौद बांधला. वाटलं होतं, आता लोक आपल्याला शेट म्हणतील. म्हणतात. खाडीशेट म्हणतात. माझ्या मळ्याला खाडी म्हणतात आणि मळ्याकडे जाणाऱ्या गाडरस्त्याला खाडीचा रस्ता. एकदा बुलढाण्याहून आलेल्या एका साहेबाने मला अगदी गंभीरपणे विचारलं, तुमचं घराणं मूळचं कोकणातलं का? त्या दिवशी मी जेवलो नाही.

हे सगळं ज्या माणसाने केलं, तो आमच्या गावात धड तीन वर्षंसुद्धा राहिला नाही. आणि माझा हौद अजून माझ्या ताब्यात नाही.

महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता. इकडची माणसं तिकडे आणि तिकडची इकडे हलवली की राज्य नीट कालवलं जाईल, असं कुणाला तरी वाटलं असावं. त्या कालवणात आमच्या वाट्याला हा शास्त्राचा मास्तर आला. वेंगुर्ल्याकडचा. बाजाराचा दिवस होता. मी एका गिऱ्हाइकाशी कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडत होतो, तेवढ्यात मलकापूरच्या गाडीतून उतरून तो थेट माझ्यापुढे येऊन उभा राहिला. ट्रंक हमालाच्या डोक्यावर, पण स्वतःच्या दोन्ही हातांत, लेकराला धरावं तसं, एक घमेलं. घमेल्यात काळा कुळकुळीत चिखल आणि चिखलात बोटाएवढी तीन रोपं. ऐन फाल्गुनात, रस्त्यावर पाण्याचा थेंब नसताना, त्याने विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. ती विजार मी नंतर कधीही खाली आलेली पाहिली नाही. शाळेत नाही, लग्नात नाही, झेंडावंदनाला नाही.

“तुमच्याकडे भाड्याची खोली आहे म्हणे?”

“हाय,” मी म्हणालो. “पण आधीच सांगून ठेवतो मास्तर, भावाच्या बाबतीत मी—”

“खोलीचं नंतर बघू. हौद आहे का?”

मी चाळीस गावच्या दलालांना पाणी पाजलेला माणूस. पण खोली मागायला येऊन हौदाची चौकशी करणारा मला पहिल्यांदाच भेटला होता. मळ्यावर नेला. त्याने घमेलं जपून खाली ठेवलं, हौदात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले. आमचा मोटकरी गणपत बैल थांबवून बघत राहिला.

“गोडं आहे,” मास्तर म्हणाला. “पण फार एकटं पडलेलं पाणी आहे हो.”

गणपत मला हळूच म्हणाला, “शेट, याले खोली देऊ नका.”

मी दिली. त्यातच माझी पहिली चूक झाली. मी चढवून भाव सांगितला होता, खाली यायला भरपूर जागा ठेवून. तो लगेच “बरं” म्हणाला. पहिल्या भावाला बरं म्हणणारा माणूस मला सहन होत नाही. बोलणं सुरू व्हायच्या आत संपतं आणि आपण हातात शिल्लक राहिलेले शब्द घेऊन उभे राहतो. त्या रागात मी म्हणून गेलो, “घ्या, हौदही वापरा!” मला वाटलं, आंघोळीला वापरील.

ती तीन रोपं तिवरीची होती. तिवर म्हणजे खाडीच्या चिखलात गुडघाभर पाण्यात उभं राहणारं झाड. खाडी म्हणजे काय, हे आमच्या गावात कुणालाच नीट माहीत नव्हतं. मास्तरने ओसरीवर बसून आम्हाला समजावलं. नदी समुद्राला भेटते, पण सरळ जाऊन मिळत नाही. दारातच दोघांची अडवाअडवी होते. समुद्र भरतीला आत घुसतो, नदीला मागे रेटतो. ओहोटीला नदी त्याला बाहेर ढकलते. धड गोडं नाही, धड खारं नाही, असं पाणी तिथे दिवसातून दोनदा वर चढतं, दोनदा उतरतं.

“म्हणजे घासाघीस,” मी म्हणालो.

मास्तर उठून उभाच राहिला. “अगदी! शेटजी, तुम्ही एका शब्दात सांगितलंत. आणि सगळ्यात जास्त जीव कुठे असतात ठाऊक आहे? नदीत नाही, समुद्रात नाही. त्या घासाघिशीत! कोळंबी, खेकडे, शिंपल्या, माशांची पिल्लं, बगळे. समुद्रातले निम्मे मासे लहानपणी तिवरीच्या मुळांत लपून मोठे होतात.”

आमच्या घरातली पदराआडून म्हणाली, “मास्तरभाऊ, मंग यायले पण तिकडंच नेऊन टाका. भांडून भांडून तब्येत सुधारन यायची.”

पुढच्या आठ दिवसांत माझ्या हौदाची खाडी झाली. मास्तरने नळगंगेच्या पात्रातला गाळ आणून हौदाच्या निम्म्या भागात उतरता रचला आणि त्यात तिवरी लावल्या. एका अंगाने मोटेचं गोडं पाणी पाटातून यायचं, ती नदी. दुसऱ्या अंगाला खडेमीठ विरघळवलेला मोठा रांजण, तो समुद्र. पाट उघडला आणि रांजण कलंडला की पाणी चिखलावर चढायचं, ती भरती. तळाचा बोळा काढला की चिखल उघडा पडायचा, ती ओहोटी. किराणावाला त्याला पोत्याने मीठ देताना विचारायचा, “मास्तर, लोणच्याचा कारखाना टाकला का?” मास्तर म्हणायचा, “नाही, समुद्र टाकलाय.”

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण मास्तरचं म्हणणं असं की भरती मनाला येईल तेव्हा करून चालत नाही. भरती चंद्राच्या हुकमाने होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला बाराच्या सुमाराला. कोकणातली पोरंटोरंसुद्धा हा हिशेब तोंडी करतात म्हणे. झालं! माझ्या मळ्याची मोट पंचांगावर चालू लागली. काल दहाला जुपली तर आज पावणेअकराला, उद्या साडेअकराला. कोबीला पाणी कधी द्यायचं हे मी ठरवायचं सोडून वेंगुर्ल्याचा समुद्र ठरवू लागला. रात्रीची भरती तेवढी त्याने मोटेला माफ केली होती. ती तो स्वतः बादल्यांनी करायचा.

गणपत आधी कुरकुरला, मग बिघडला. बैल तर त्याच्याही आधी बिघडले. भरतीची वेळ झाली की पवळ्या बैल आपला आपण उठून मोटेच्या धावेवर जाऊन उभा राहायचा. गाव बघायला यायचं. पारावर लोक एकमेकांना विचारू लागले, “आज पाणी किती वाजता चढते बे?” न्हावी म्हणायचा, “आता नाई, ओहोटीले येतो.” ग्रामपंचायतीची बैठक एकदा भरतीत सापडली म्हणून पुढे ढकलली, कारण निम्मे पंच माझ्या हौदाच्या काठावर बसले होते. आणि मी? मी बाजारात दुसऱ्याच्या मुळ्यांकडे बघत होतो.

मुळ्यांचं सांगायलाच हवं, कारण सगळं तिथेच अडलं होतं. धामणगाव बढ्याचा एक बागाईतदार दर बाजाराला माझ्या समोर दुकान मांडायचा. त्याचे मुळे आणि गाजरं धुतलेली असत, लखलखीत. माझे मुळे त्याच्यापेक्षा कोवळे, पण मातीचे, कारण माझ्या हौदात खाडी होती. बाया त्याच्याकडे जायच्या. तो मला लांबून हात जोडायचा, “काय खाडीशेट, आज मासोळी नाई आणली?” हे नाव पहिल्यांदा त्याच्या तोंडून आलं आणि बाजार उठायच्या आत गावभर झालं.

मास्तरच्या सवयी किती सांगू? पाणी दिसलं की बोट बुडवून चाखायचं. विहीर, रांजण, देवळातलं तीर्थ, नवरदेवाचे पाय धुतलेलं पाणी. जेवताना वरण एका बाजूने, ताक दुसऱ्या बाजूने सोडून मधल्या भातात दोघांची गाठ घालायचा आणि म्हणायचा, “हे बघा नदीचं मुख!” मग मुखापासून जेवायला सुरुवात. तिवरीचं पान उलटं करून सगळ्यांना चाटायला लावायचा. त्या पानाला मागून खरंच मिठाचे कण यायचे. झाड मुळातून खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानातून टाकून देतं, असं तो सांगायचा. सगळ्या गल्लीने ती पानं चाटली. आमच्या घरातलीने शेजारणीला सांगून ठेवलं, “मीठ संपलं तर उसनं मागू नको, पान चाटून जा.”

रागावला की मात्र मास्तरची पुस्तकी भाषा पार गळून पडायची. गणपतने एकदा मुळा समजून तिवरीचं रोप उपटायला हात घातला, तेव्हा तो अंगणातून किंचाळला, “मेल्या, हात लाव नुको! मुळो न्हय तो, तिवर आसा!” गणपतला एक अक्षर कळलं नाही, पण तो दोन दिवस हौदाकडे फिरकला नाही.

एक दिवस मास्तर नळगंगेच्या पात्रात उभा होता. मी वरून जात होतो. म्हणाला, “शेटजी, हे पाणी कुठे जातं माहीत आहे?”

“पूर्णेले.”

“पूर्णा तापीला. आणि तापी सुरतेजवळ खाडीला. तुमच्या मळ्यातली काळी माती दर पावसाळ्यात तिथे जाते. गोड्या पाण्यात ती तरंगत राहते, पण खाऱ्याची गाठ पडली की खाली बसते. तोच खाडीचा गाळ. त्यावर तिवर उगवते, खेकडे पोसतात.”

हे त्याने घरी येऊन करूनही दाखवलं. दोन पेल्यांत गढूळ पाणी घेतलं, एकात चिमूटभर मीठ टाकलं. मिठाच्या पेल्यातली माती खरोखर आधी खाली बसली. घरातली म्हणाली, “तुरटीनं बी होते.” पण माझं लक्ष तुरटीकडे नव्हतं. माझ्या डोक्यात भडका उडाला होता.

“म्हणजे माह्या मळ्याची माती सुरतेचे खेकडे फुकट खाऊन राह्यले?”

“फुकट कशी? समुद्र पाऊस धाडतो की.”

“मागच्या साली कमी धाडला!”

“मग तुम्ही त्याच्याशी बोला,” मास्तर शांतपणे म्हणाला. “मी मधला माणूस.”

त्या हिवाळ्यात माझी वांगी गेली. ओहोटीचं पाणी बोळ्यातून निघून शेजारच्या वाफ्यात जात होतं. मिठाने जमीन पांढरी पडली आणि ऐन फुलावरचा वांग्यांचा वाफा माना टाकून बसला. मी पटका काढून जमिनीवर आपटला. “मास्तर! येत्या बाजारापर्यंत हौद रिकामा पाह्यजे! तुमची नदी, तुमचा समुद्र, सारं उचला!”

मास्तरचा चेहरा एवढासा झाला. तिवरी तोवर कमरेएवढ्या झाल्या होत्या. आता उपटल्या तर मरतील, हे मलाही दिसत होतं. त्याने हौदात बोट बुडवून पाणी चाखलं. मग म्हणाला, “एकदा माझ्याबरोबर लोणारला चला. तिथे खारं तळं आहे आणि त्यात गोडी धार पडते. दोन पाणी मिळतात तिथे जीव जास्त असतो, हे तुम्हाला डोळ्यांनी दाखवतो. नाही दाखवलं, तर आल्याआल्या हौद रिकामा.”

सौदा सरळ होता आणि माझ्या फायद्याचा होता. लोणारच्या पाण्यात मासोळी जगत नाही, हे मला ठाऊक होतं. शिवाय मेहकरला मिरचीचं बी बघायचं होतं. आम्ही निघालो. मेहकरला गाडी बदलताना मी बी घेतलं आणि, जिंकणारच या खुशीत, एक नवा कोरा अबोली पटकाही घेतला. तिथेच बांधला.

लोणारला वरच्या धारेचं पाणी मास्तरने चाखलं, “गोडं.” मग ती धार झाडीतून जिकडे जाते तिकडे आम्ही उतरलो. खाली तळं हिरवंगार, आणि असा वास की पटक्याचं टोक नाकाला लावावं. काठावर चिटपाखरू नाही. पांढरी खपली धरलेली जमीन.

“झालं मास्तर,” मी म्हणालो. “मेलं हाय हे. चला, तीनची गाडी भेटन.”

“हे नुसतं खारं झालं. आता चला धारेच्या तोंडाशी.”

गेलो. आणि काय सांगू! जिथे ती धार तळ्यात शिरत होती, तिथे गुडघाभर हिरवळ, चिखलावर चिलटांएवढ्या माश्यांचे काळे थर, आणि त्या माश्यांवर लाल पायांचे पक्षी तुटून पडलेले. वर बगळे. मी घासाघीस सुरू केली. म्हणालो, पक्षी सगळीकडेच असतात. मास्तरने मला काठाकाठाने लांब नेलं. एक पक्षी नाही. परत आणलं. पक्षी जागेवर. म्हणालो, ते पाणी प्यायला येतात. मास्तर म्हणाला, मग वर धारेलाच का नाही बसत? मी म्हणालो, तिथे माणसं असतात. म्हणाला, इथे आपण नाही का? शेवटी मी म्हणालो, “बरं, पाखरांचा सौदा तुमचा. पण मी हौदाचं अजून बोललो नाई!” माझा स्वभावच तसा आहे. हरलो तरी मोजून हरतो.

पण मास्तरचं लक्ष उडालं होतं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की देवीच्या देवळापुढे सासू-सुनेची विहीर आहे, एका अंगाने गोड, दुसऱ्या अंगाने खारी. तो पळतच सुटला. विहिरीपाशी खरोखरच एक सासू आणि तिची सून, देवीच्या दर्शनाला आलेल्या, काठावर बसल्या होत्या.

“मावशी, गोडी बाजू कुठली हो?” मास्तरने धापा टाकत विचारलं.

“ही इकडची. सासूची,” म्हातारी म्हणाली. “आमच्या आजीपासून असंच ऐकून राह्यलो.”

“मंग सारे लोक सुनेच्या अंगानंच काऊन उतरतात?” सून पदरातून पुटपुटली.

“आणि मधे?” मास्तर ओरडला. “मधे कुणाचं?”

“मधी माहा पोरगा,” सासू म्हणाली.

“बिचारा,” सून म्हणाली.

मास्तर तोवर पायऱ्या उतरून वाकला होता. या अंगाचं चाखलं, त्या अंगाचं चाखलं. मग नेमकं कुठे बदलतं ते शोधायला मध्याकडे हात लांबवला, आणि शेवाळावरून पाय सटकून विहिरीत गेला. पाणी कमरेइतकंच होतं, पण तो आधी पुरता बुडाला. वर आला तो ओरडतच, “शेटजी! इथे! अगदी इथे! दोन्ही लागतात!”

“वर या आधी!”

पायऱ्या इतक्या बुळबुळीत की त्याला वर येता येईना. दोर नव्हता. दोन बायांसमोर मी डोकं बोडकं केलं आणि माझा नवा पटका सोडून त्याचं टोक खाली टाकलं. मास्तरने ते घट्ट धरलं. आणि ज्या माणसाने कधी कुठल्या भावाला नाही म्हटलं नव्हतं, तो तिथे पाण्यात उभा राहून म्हणाला, “शेटजी, हौदाचं काय?”

“वर या, मंग बोलू!”

“आधी हौद.”

मी ओढलं. त्याने उलटं ओढलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मास्तर आणि मध्ये अबोली पटका ताणलेला. सोडावा तर पटका पाण्यात. धरावा तर सौदा त्याच्या हातात. साऱ्या आयुष्यात इतक्या अडचणीच्या जागी मला कुणी गाठलं नव्हतं. म्हातारी म्हणाली, “देऊन टाका ना जी एक हौद! मास्तर गारठून राह्यला.”

“कायमचा नाई देणार!” मी ओरडलो. “रिकामा कधी करता ते बोला!”

मास्तरचे दात वाजत होते, तरी तो नीट बोलला. “खाडीच्या चिखलात हवा नसते. म्हणून तिवर श्वास घ्यायला मुळं उलटी वर काढते, बोटांसारखी. ती चिखलातून वर आली म्हणजे झाड रुजलं, खाडी झाली. त्या दिवशी हौद तुमचा. झाडं काढून टाका, मी तोंडातून शब्द काढणार नाही.”

“आली का नाई, हे कोण ठरवणार?”

“तुम्ही. तुमच्या शब्दावर.”

मला वाटलं, गारठून याचं डोकं गेलं. असा सौदा कुणी करतं? उद्या घरी जाऊन मी म्हणालो असतो, आली मुळं, तर? पण देवीच्या दारात, दोन साक्षीदारांसमोर मी “कबूल” म्हणालो आणि त्याला वर ओढला. पटक्याला त्या पाण्याचा वास असा बसला की तो पुढे मी कधी बांधला नाही. गाडीत कंडक्टरने आम्हाला मागच्या बाकावर बसवलं आणि पुढची सगळी माणसं त्याहून पुढे सरकली. मास्तर सबंध वाटभर हसत होता, आणि खोटं कशाला सांगू, चिखलीच्या पुढे मलाही आवरेना.

त्या सौद्यात मी कसा फसलो, ते मला घरी आल्यावर कळलं. हौद लवकर हवा, तर मुळं लवकर वर यायला हवीत. मुळं लवकर यायची, तर तिवरी पोसायला हव्यात. म्हणजे आता भरतीची काळजी मलाच! मास्तर शाळेत असला आणि गणपतला उशीर झाला तर मीच बैल जुपायला धावायचो. पाणी जास्त खारं वाटलं तर मीच बोट बुडवून चाखायचो. रोज सकाळी हौदाच्या काठावर उकिडवा बसून चिखल बघायचो. घरातली यायची आणि कमरेवर हात ठेवून म्हणायची, “काऊन जी, सुनेच्या बाळंतपणालेही एवढं पाह्यलं नाई तुम्ही.”

मेलेल्या वांग्यांच्या वाफ्यात दरम्यान घोळ उगवली. घोळ म्हणजे ती जाड पानांची, जमिनीलगत पसरणारी भाजी. तिला ती खारवलेली जमीन इतकी मानवली की वाफा दिसेना. पानं चाखली तर मुळातच खारट, आंबूस. मी ती बाजारात नेली आणि ओरडलो, “खाडीची घोळ! मीठ टाकायची गरज नाई, बाई!” दुपारच्या आत पाट्या रिकाम्या. धामणगाव बढ्याचा माझ्याकडे बघतच राहिला. हे डोकं माझं होतं. पण बाया काय म्हणायच्या? “मास्तरची भाजी द्या.”

मग बदलीचा हुकूम आला. समुद्रापासून आणखी लांब कुठेतरी. मास्तरने ट्रंक भरली. रिकामं घमेलं कुशीत घेतलं. शेवटच्या दिवशी तो तिवरींपाशी उभा राहिला. त्या छातीएवढ्या झाल्या होत्या, पण चिखल सपाट होता. एक बोटही वर आलं नव्हतं.

“मास्तर,” मी म्हणालो, “तुम्ही चालले. आता हा सौदा...”

“सौदा आहेच की,” तो म्हणाला. “मुळं आली की हौद तुमचा. तुमच्या शब्दावर.” मग बोट बुडवून त्याने हौदातलं पाणी चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाला, “आता नाही एकटं.”

गाडीची वेळ त्याने ओहोटीची बघून घेतली होती. विजार गुडघ्यापर्यंत. गणपत रडला. पवळ्या बैल त्या दिवशी भरतीला उठला नाही, त्याला काठी दाखवावी लागली. मी रडलो नाही. मी चिडलो होतो. सौद्यातला एक माणूस निघून गेला तर भांडायचं कुणाशी?

त्याला आता बरीच वर्षं झाली. पवळ्या गेला, मोट गेली, इंजिन आलं. इंजिनही तिथीच्या पाऊणपटीवरच चालतं. मास्तर पुन्हा दिसला नाही. गावात येणारा प्रत्येक पाहुणा आधी खाडी बघायला येतो, मग मारुतीला जातो. मी मुळे अजून बादलीत धुतो. लोक म्हणतात, खाडीशेट, एवढा दगडी हौद असून बादलीत काऊन? मी म्हणतो, सौदा आहे. मुळं आली नाहीत अजून.

मागच्या पौर्णिमेला सकाळी अकराच्या सुमाराला, हौद अजून ओहोटीत असताना, मी नेहमीसारखा काठावर बसलो. मधल्या तिवरीच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर चिखलाला बारीक टेंगूळ आलं होतं. वाकून बघितलं. बोट. काळपट, करंगळीएवढं, सरळ वर. त्याच्या पलीकडे दुसरं. मग तिसरं. चिखलातून कुणीतरी हात वर करून हजेरी देत असावं, तशी.

मी इकडेतिकडे पाहिलं. गणपत इंजिनाशी पाठमोरा होता. मी हौदात हात घातला, ओंजळभर चिखल उचलला आणि त्या तिन्ही बोटांवर अलगद थापून दिला.

मागून आवाज आला, “काऊन जी, आली वाटते मुळं?”

“कुठी आली?” मी म्हणालो. “गणपत! बाराचा टाइम होऊन राह्यला, इंजिन चालू कर!”

“मंग हाताले चिखल काऊन?” घरातली म्हणाली.

इंजिन धडधडलं, पाटातून गोडं पाणी आलं, गणपतने रांजण कलंडवला. मी हौदातच हात धुतले. पाणी चढायला लागलं होतं.